डी सिका नट म्हणून कसा होता? कुठले चित्रपट दाखवावेत?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये (मानपाड्याच्या जरा पुढे) रविवारी संध्याकाळी ज्येष्ठ मंडळींसाठी चित्रपट लावतो. प्रोजेक्टर आणि निवड दोन्ही माझ्याकडे आहे. इतके दिवस जुने मराठी-हिंदी चित्रपट चालले होते, मग दोघातिघांनी परदेशी काहीतरी लावा म्हणून आग्रह केला. मी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ डी सिकांचा 'बायसिकल थीव्ह्ज' लावला, पोस्टर चिकटवायच्या कामाला लागणारी सायकल चोरीला जाते आणि बापलेक ती रोमभर शोधतात, तो. तो संपल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या आजी विचारत होत्या, त्या माणसाला पुढे काम मिळालं का गं?

त्यामुळे व्हित्तोरिओ डी सिकांचेच आणखी चित्रपट लावावेत असं ठरलं. शोधताना 'जनरल देल्ला रोव्हेरे' सापडला. दिग्दर्शन रोबेर्तो रोस्सेलिनीचं आणि मुख्य भूमिकेत स्वतः डी सिका. पांढरे केस, अंगावर चांगला कोट, बोलण्यात कमालीचा गोडवा, आणि माणूस पक्का लबाड. चित्रपट बघून मी हलले. 'बायसिकल थीव्ह्ज' करणारा माणूस इतका मोठा नट आहे हे मला माहीतच नव्हतं.

आता अडचण अशी, की आमच्यातल्या एका आजोबांचं म्हणणं आहे, डी सिका दिग्दर्शक म्हणून थोर, पण नट म्हणून त्याने जुगाराची देणी फेडायला मिळेल ते काम केलं, त्याकडे लक्ष देऊ नये. हे कितपत खरं? तो आधी नट होता की आधी दिग्दर्शक? आणि येत्या महिन्यात चार रविवार आहेत, तर कुठले चित्रपट लावावेत? आमच्या मंडळींना इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत, तेही लक्षात घ्या.

वागळे इस्टेट, सेवानिवृत्त टर्नर

ताई, आधी आजोबांच्या मुद्द्याचं बोलतो. जुगाराचं खरं आहे. डी सिकाला पत्त्यांचा आणि कॅसिनोचा नाद होता, त्याने त्यात पैसा घालवला आणि तो भरून काढायला पुष्कळ सामान्य चित्रपटांत कामं केली. नट म्हणून त्याच्या नावावर दीडशेच्या वर चित्रपट आहेत, ते सगळे चांगले असणं शक्यच नाही. पण म्हणून त्याच्या नटपणाकडे लक्ष देऊ नये, हे मला अजिबात मान्य नाही. तो नट नसता तर 'बायसिकल थीव्ह्ज' झाला नसता, असं माझं ठाम मत आहे. म्हणून जरा लांब लिहितो.

तो आधी नट. जन्म ७ जुलै १९०१, रोम आणि नेपल्सच्या मधल्या सोरा गावात. वडील उंबेर्तो बँकेत कारकून, बेताचं उत्पन्न आणि वागण्यात रुबाब. लहानपण नेपल्समध्ये गेलं आणि आयुष्यभर तो स्वतःला मनाने नेपल्सचाच मानत राहिला. शिक्षण हिशेबनिसाचं. १९२३ मध्ये तात्याना पावलोवा या रशियन नटीच्या नाटक मंडळीत शिरला, तिथून बोर्डावरच वाढला. १९३२ मध्ये मारिओ कामेरिनीच्या एका चित्रपटात मालकाची मोटार आपलीच म्हणून एका पोरीपुढे मिरवणाऱ्या ड्रायव्हरचं काम केलं, त्यात 'पार्लामी दामोरे, मारियू' हे गाणं म्हटलं, आणि सगळ्या इटलीत त्याचं नाव झालं. देखणा, हसरा, गाणारा नायक. १९३७ मध्ये परत कामेरिनीकडेच 'मिस्टर मॅक्स' केला. त्यात तो वर्तमानपत्रं विकणारा, पण बड्या लोकांत उमराव म्हणून वावरतो. म्हणजे नसलेलं सोंग घेणारा साधा माणूस, ही त्याची तरुणपणापासूनची भूमिका. हे ध्यानात ठेवा, 'देल्ला रोव्हेरे'च्या वेळी उपयोगी पडेल.

आपल्याकडे त्याच सुमारास मास्टर विनायक पडद्यावर लोकांना हसवत होते आणि चित्रपटही स्वतः बेतत होते. त्या काळच्या नटाला प्रेक्षक कुठे श्वास रोखतो आणि कुठे खुर्चीत हलतो हे अंगात मुरलेलं असे. डी सिका १९४० मध्ये दिग्दर्शनाकडे वळला तेव्हा हीच पुंजी त्याच्याकडे होती. पहिले चित्रपट हलकेफुलके होते. मग चेझारे झावात्तिनी हा लेखक त्याला भेटला आणि दोघांनी 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' केला. आईबापांचा संसार मोडताना बघणारं एक लहान पोर, एवढीच गोष्ट. पुढची जवळजवळ तीस वर्षं ही जोडी टिकली.

युद्धाच्या शेवटी रोम जर्मनांच्या ताब्यात असताना फॅसिस्टांनी चित्रपटवाल्यांना उत्तरेत व्हेनिसला बोलावलं होतं. डी सिकाने एका धार्मिक चित्रपटाचं काम हाती असल्याचं कारण पुढे केलं आणि तो गेला नाही. व्हॅटिकनच्या आश्रयाने ते चित्रीकरण त्याने मुद्दाम लांबवलं. धरपकडीच्या भीतीत असलेली किती तरी माणसं त्यात गर्दीतली कामं करत लपून राहिली. जीव वाचवायला केलेलं नाटकच ते. हा भाग कुणी फारसा सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. 'बायसिकल थीव्ह्ज'बद्दल लिहिताना सगळे म्हणतात, खरी माणसं घेतली, रस्त्यावर चित्रीकरण केलं, म्हणून ते खरं वाटतं. एवढ्याने होत नाही हो. मी वागळे इस्टेटमध्ये टर्नर म्हणून नोकरी केली. आमच्या खात्यातल्या कुणाही माणसाला कॅमेऱ्यापुढे उभं करा, तो खांबासारखा ताठ होईल. आम्ही कामगार दिनाला नाटकं बसवायचो, गणपतीतही बसवायचो. लेथवर हात सफाईने चालणारा माणूस स्टेजवर आला की त्याला स्वतःच्या हातांचं काय करावं ते कळायचं नाही. खरा कामगार आणून उभा केला की खरा कामगार दिसतो, हा गैरसमज आहे. त्याच्याकडून ते काढून घ्यावं लागतं.

डी सिका ते काढून घ्यायचा, कारण तो प्रत्येक भूमिका आधी स्वतः करून दाखवायचा. बाईची, पोराची, म्हाताऱ्याची, सगळ्यांची. कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून तोंडाने, खांद्यांनी, भुवयांनी अभिनय करत राहायचा. त्याच्या कितीतरी चित्रपटांत काम केलेल्या सोफिया लॉरेन या नटीने याबद्दल फार जिव्हाळ्याने सांगितलंय. समोरचा त्याची नक्कल करता करता आपलं स्वतःचं काहीतरी त्यात घालून मोकळा व्हायचा.

नायक आन्तोनिओ झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी हा ब्रेडा कारखान्यातला कामगार. तो आला होता मुलाला घेऊन, मुलाला काम मिळतं का ते बघायला. डी सिकाने बापाला घेतलं. त्याआधी अमेरिकन निर्माता डेव्हिड सेल्झनिक पैसे घालायला तयार होता, अट एकच, नायक कॅरी ग्रँट हवा. डी सिकाने ते पैसे सोडले आणि इटलीतच थोडे थोडे करून जमवले. स्वतः देखणा नायक म्हणून गाजलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, याची किंमत मला फार वाटते. चांगल्या कोटातला नट पोस्टरच्या शिडीवर कसा उभा राहील आणि कारखान्यातला माणूस कसा उभा राहील, हे त्याला नट असल्यामुळेच दिसलं.

आणि पोरगा, एन्झो स्तायोला. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी लिहिलंय, की डी सिकाने पोर निवडताना अभिनय करायला लावला नाही, फक्त चालून दाखवायला सांगितलं. त्याला बापाची लांब ढांग आणि तिच्या बाजूला पोराची तुरुतुरु पावलं हवी होती. परत चित्रपट लावलात तर पाय बघा. पूर्ण रोममधून ते दोघं चालतायत. पोर कधी मागे पडतंय, कधी पळत गाठतंय, कधी घसरून पडतंय आणि बापाला पत्ताच नाही. संवाद बंद केले तरी बापलेकाचं काय चाललंय ते पायांवरून कळतं. तुमच्याकडच्या सबटायटलच्या अडचणीवर हे चांगलं उत्तर आहे, असं मला वाटतं.

तुमच्या आजींचा प्रश्न होता, त्या माणसाला पुढे काम मिळालं का. पडद्यावरच्या माणसाचं झावात्तिनी-डी सिकांनी सांगितलं नाही, पण माज्जोरानीचं झालं ते सांगता येतं. चित्रीकरण संपल्यावर तो कारखान्यात परतला. पुढे कपात झाली त्यात त्याची नोकरी गेली. चित्रपटाने तो श्रीमंत झाला असा समज पसरला होता. मग पडद्यावर छोटी छोटी कामं करत राहिला, 'उंबेर्तो डी.'मध्येही आहे, पण 'बायसिकल थीव्ह्ज'सारखं काही परत मिळालं नाही. १९८३ मध्ये गेला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाच कारखाना बंद पडायला आला होता. टाळेबंदी, मग गेटवर बसणं, मग 'हिशेब घ्या'. किसननगरहून सायकलीने येणारी आमची माणसं होती. सायकल स्टँडवर पाळी सुटायच्या वेळी जागा नसायची, नंतर नंतर तिथे गवत वाढलं. त्यातल्या कित्येकांनी मुलुंड चेकनाक्याजवळ भाजी विकली, वॉचमनची कामं धरली. त्यामुळे या चित्रपटाच्या शेवटी स्टेडियमबाहेर शेकडो सायकली ओळीने उभ्या दिसतात ना, तिथे मी कला वगैरे काही बघू शकत नाही. मला तेवढंच दिसतं, की इतक्या जणांकडे आहे आणि याच्याकडे नाही.

'उंबेर्तो डी.' (१९५२) हा त्याने वडिलांना अर्पण केला. त्यात म्हातारा पेन्शनर झालेला कार्लो बात्तिस्ती हा फ्लॉरेन्सचा भाषाशास्त्राचा प्राध्यापक, आयुष्यात कधी नट नव्हता. सुरुवातच पेन्शन वाढवा म्हणून निघालेल्या म्हाताऱ्यांच्या मोर्चाने होते. पुढे एक जागा आहे. पैसे संपलेत, तो देवळाच्या दारी भिकेसाठी हात पुढे करून बघतो, कुणी देणार एवढ्यात तळहात उलटा करतो, पाऊस पडतोय का बघितल्यासारखं. एका हातात सगळं आलं. हे नटाचं डोकं आहे, लेखकाने कितीही लिहिलं तरी हात कधी उलटायचा ते नटालाच कळतं.

हा चित्रपट इटलीत चालला नाही. जूलिओ आंद्रेओत्ती तेव्हा सरकारात चित्रपटांचं खातं बघत होते, पुढे ते अनेकदा पंतप्रधान झाले. त्यांनी जाहीर पत्र लिहून डी सिकावर टीका केली, की जगापुढे इटलीचं असं चित्र उभं करणं देशाच्या हिताचं नाही. त्यानंतर असल्या चित्रपटांना पैसा मिळणं आणखी अवघड झालं. तुमच्या आजोबांना हे जरूर सांगा. पडद्यावरची कामं त्याने जुगारासाठी केली तशी आपल्या चित्रपटांसाठीही केली. 'उंबेर्तो डी.'मध्ये त्याचा स्वतःचा पैसा होता आणि तो बुडाला. पुढच्याच वर्षी त्याने 'ब्रेड, लव्ह अँड ड्रीम्स'मध्ये जिना लोलोब्रिजिदाच्या मागे लागणारा खेड्यातला पोलीस अधिकारी केला आणि इटलीतल्या थिएटरांत गर्दी उसळली. लोकांना तो हवा होता तो असा. पण तेही काम बघा, कुठेही हलगर्जीपणा नाही. छाती काढून चालणं, एकटा असताना खांदे पाडणं, सगळं मोजून केलेलं.

आणि आता 'देल्ला रोव्हेरे'. १९५९. युद्धाच्या काळातलं जेनोआ, बार्दोने नावाचा भुरटा माणूस. कैदेत पडलेल्यांच्या नातेवाइकांकडून पैसे घेतो, सांगतो की जर्मनांकडे माझी ओळख आहे, सोडवतो. घेतलेले पैसे जुगारात घालवतो. जर्मन त्याला पकडतात आणि मिलानच्या सान व्हित्तोरे तुरुंगात एका मेलेल्या जनरलच्या नावाने ठेवतात, कैद्यांतला प्रतिकाराचा पुढारी ओळखून द्यायला. तो जनरलचं सोंग घेतो. कैदी त्याच्याकडे आदराने बघतात, त्याच्या शब्दाने धीर धरतात. आणि शेवटी सोंग टाकून सुटायची संधी असताना तो जनरल म्हणूनच गोळीबाराला सामोरा जातो. आता मागे जा. मोटार आपली म्हणणारा ड्रायव्हर, उमराव म्हणवणारा पेपरवाला. सत्तावीस वर्षं तो हीच भूमिका करत आला होता, इथे तिचा शेवट गाठला. दुसरा कुठला नट ती करू शकला असता असं मला वाटत नाही. जुगाराचं टेबल, उसने पैसे मागतानाचं ते हसू, समोरच्याला आपलंसं करणं, हे त्याला बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, या चित्रपटाला मारिओ मोनिचेल्लीच्या 'द ग्रेट वॉर'सोबत विभागून मिळाला.

म्हणून आजोबांना सांगा, जुगार होता, देणी होती, आणि त्यातूनच हे काम आलं.

माझं मत विचाराल तर: पहिला 'उंबेर्तो डी.', मग 'शूशाइन', मग 'जनरल देल्ला रोव्हेरे'. चौथा तुम्ही ठरवा.

सानपाड्याची वाचक

काका, फार सुंदर लिहिलंत. तळहाताचं दृश्य मी बघितलं होतं, पण ते नटाच्या बाजूने असं कधी पाहिलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. ज्येष्ठ मंडळींपुढे पहिलाच 'उंबेर्तो डी.' नको. मी आईबरोबर बघितलाय. तिला पेन्शनच्या मोर्चाचं, घरमालकिणीचं, भाड्याचं सगळं जवळचं वाटलं, पण म्हातारा कुत्र्याला घेऊन रेल्वेच्या रुळांकडे जातो तिथे तिने टीव्ही बंद करायला लावला. पुढचं मला तोंडी सांगायला लावलं. मग कुत्रं वाचलं आणि म्हाताराही वाचला हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला बघितला. क्लबहाउसमध्ये असं कुणाला झालं तर त्यांना उठून जाताही येणार नाही. एकदा हसवून मग हा लावा. आणि आधी सांगून ठेवा की दोघंही जगतात. त्याने चित्रपटाचं काही बिघडत नाही.

हसवण्यासाठी 'गोल्ड ऑफ नेपल्स' (१९५४). नेपल्समधल्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीत सोफिया लॉरेन पिझ्झा विकणारी आहे, तिची अंगठी हरवते, आणि ती पिठात पडली असेल म्हणून नवरा भर पावसात गिऱ्हाइकांची घरं धुंडाळत फिरतो. प्रेक्षकांना आधीच माहीत असतं, अंगठी कुठे राहिली. लॉरेनचं खरं नाव याच भूमिकेपासून झालं.

आणि त्याच चित्रपटात काकांच्या म्हणण्याला पुरावा आहे. डी सिका स्वतः एका गोष्टीत जुगारी काउंट झालाय. बायकोने पैसे बंद केलेत, म्हणून तो इमारतीच्या रखवालदाराच्या लहान मुलाला धरून रोज पत्ते खेळायला बसवतो. मुलाला बाहेर खेळायला जायचंय, त्याचं डावात लक्ष नाही, तरी तो जिंकतोय, आणि हा उमराव घामाघूम होऊन हरतोय. स्वतःच्या व्यसनाकडे इतक्या स्वच्छ नजरेने बघणारा दुसरा नट मला आठवत नाही. त्याने काउंटची कीव येऊ दिलेली नाही. तो हट्टी, पोरकट आणि त्या मुलावर अन्याय करणारा दिसतो, आणि तसाच दिसावा अशी डी सिकाची इच्छा असावी.

काकांनी घरच्या आयुष्याबद्दल लिहिलं नाही, पण ज्येष्ठ मंडळी विचारतीलच, आमच्याकडे विचारलं होतं. पहिली बायको ज्युदित्ता रिस्सोने, नटीच, तिच्यापासून मुलगी एमी. १९४२ मध्ये मारिया मेर्कादेर ही स्पॅनिश नटी त्याच्या चित्रपटात आली आणि तिच्याशी संबंध जुळले, मनुएल आणि क्रिस्तिआन हे दोन मुलगे झाले. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. वर्षानुवर्षं त्याने दोन्ही घरं सांभाळली. नववर्षाच्या रात्री दोन्हीकडे बाराला हजर राहता यावं म्हणून तो एका घरातली घड्याळं मागे करून ठेवायचा, असं सांगतात. शेवटी फ्रान्सचं नागरिकत्व घेऊन १९६८ मध्ये पॅरिसला मेर्कादेरशी लग्न केलं. मला यात रिस्सोनेबाईंचं वाईट वाटतं. 'द चिल्ड्रन आर वॉचिंग अस' या चित्रपटाचा विषय आठवला की आणखीनच.

तुमच्यातल्या महिला मंडळाला 'टू विमेन' नक्की बघू द्या, पण तो वेगळा आणि आधी कल्पना देऊन. युद्धात आई आणि कोवळी मुलगी यांच्यावर जे ओढवतं ते सोसायला जड आहे. लॉरेनला त्यासाठी ऑस्कर मिळालं, इंग्रजी नसलेल्या भूमिकेला मिळालेलं अभिनयाचं ते पहिलं.

सबटायटलसाठी आम्ही असं करतो: मी आधी बघून ठेवते आणि मधे दोनचार ठिकाणी थांबवून काय बोलणं झालं ते मराठीत सांगते. लोकांना थांबणं खटकत नाही. उलट चहा तेव्हाच फिरवता येतो.

बालनाट्य, नौपाडा

मी मुलांची नाट्यशिबिरं घेतो, म्हणून राहवलं नाही. काकांनी डी सिका पोरांकडून काम कसं काढून घ्यायचा याचं कौतुक केलंय. एन्झोला रडवण्यासाठी त्याने काय केलं तेही सांगायला हवं. त्याने स्वतःच ते सांगितलेलं आहे आणि इटालियन दिग्दर्शक एत्तोरे स्कोला यांच्या १९७४ च्या चित्रपटात ते येतं. त्याने मुलाच्या खिशात गुपचूप सिगारेटची थोटकं टाकली आणि मग सगळ्यांदेखत त्याच्यावर थोटकं गोळा करतोस म्हणून आळ घेतला. मूल अपमानाने रडलं आणि कॅमेरा चालू होता.

सात-आठ वर्षांच्या मुलाला त्या क्षणी ते खोटं आहे हे कसं कळणार? माझ्या शिबिरात कुणी असं केलं तर मी त्याला परत येऊ देणार नाही. मुलाला रडायचं असेल तर ते नाटकातल्या पात्राचं रडणं असावं, त्याच्या स्वतःच्या अब्रूचं नव्हे. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडेही गावात हलगी वाजवताना सापडलेला, कधी अभिनय न केलेला मुलगा होता, आणि त्याचा राग पडद्यावर किती खरा आहे. न शिकलेल्या मुलाकडून काम घेता येतं याबद्दल वादच नाही. कसं घेतलं हे विचारायला हवं.

चित्रपट थोर आहे. ते दृश्य मी तरीही पुन्हा बघू शकत नाही.

वागळे इस्टेट, सेवानिवृत्त टर्नर

सर, तुमचं बरोबर आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. मुलाचा असा अपमान करणं वाईटच. एवढंच सांगतो, की 'बायसिकल थीव्ह्ज'मधलं पोराचं सगळ्यात मोठं काम रडण्यात नाहीच. जेवणाच्या हॉटेलात पलीकडच्या टेबलावरचा श्रीमंत मुलगा चीजचा धागा लांबवत खातोय आणि हा त्याच्याकडे बघत तसंच खायचा प्रयत्न करतोय. तेवढ्यात बाप महिन्याचा हिशेब मांडायला लागतो आणि पोराच्या हातातला घास थांबतो. घर त्याच्याही पगारावर चालतंय, तो पेट्रोल पंपावर कामाला जातो. ते थांबणं कुणाला फसवून मिळालेलं नाही. तुम्ही मुलांना शिकवता, तर तेवढं दृश्य शिबिरात दाखवून बघा.

सानपाड्याच्या ताईंचं 'उंबेर्तो डी.'बद्दलचं म्हणणं मला पटलं. आमची मंडळी एकत्र बसून बघणारी होती, संपल्यावर स्टेशनपर्यंत वाद घालत जायची, त्यामुळे ओझं वाटून जायचं. सोसायटीत माणूस चित्रपट संपल्यावर एकटा घरात जातो. तेव्हा आधी 'गोल्ड ऑफ नेपल्स' लावा.

अजून एक, इतिहास म्हणून. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला त्यात 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला. बिमल रॉय आणि त्यांच्या मंडळींनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. सत्यजित राय यांनी तो त्याआधी १९५० मध्ये लंडनमध्ये बघितला होता. तुमच्या आजोबांनी 'दो बिघा जमीन' नक्की पाहिला असेल. बलराज साहनी रिक्षा ओढतात ते दृश्य त्यांना आठवायला सांगा आणि मग डी सिका नट म्हणून वगळायचा का ते विचारा. साहनींनी त्या भूमिकेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढली होती. डी सिकाने कामगाराला नट केलं, आणि त्याचं बघून इथे एक नट कामगार झाला.

घोडबंदरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना आख्खी चर्चा वाचून दाखवली. ते म्हणाले, 'दो बिघा जमीन' मी थिएटरात पाहिलाय, मला काय सांगता. पण 'देल्ला रोव्हेरे' बघायला पहिल्या रांगेत बसणार आहेत.

असं ठरवतेय: पहिल्या रविवारी 'गोल्ड ऑफ नेपल्स', दुसऱ्या रविवारी 'जनरल देल्ला रोव्हेरे', तिसऱ्या रविवारी 'उंबेर्तो डी.' (कुत्र्याचं आधी सांगून), आणि चौथ्या रविवारी 'द गार्डन ऑफ द फिन्झी-कोन्तिनीस'. तो त्याच्या शेवटच्या काळातला आहे आणि त्याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालंय एवढंच मला माहीत आहे. ज्येष्ठांना चालेल का?

सानपाड्याची वाचक

चालेल. १९७० चा, रंगीत आहे. फेराराच्या एका श्रीमंत ज्यू घराण्याची गोष्ट, बंगल्याच्या आवारात टेनिस खेळणारी तरुण मंडळी आणि कुंपणाबाहेर एकेक करून येणारे फॅसिस्ट कायदे. बर्लिन चित्रपट महोत्सवाचं गोल्डन बेअर पारितोषिकही त्याला मिळालं. मधली कित्येक वर्षं समीक्षक म्हणत होते की डी सिका संपला, फक्त लॉरेन आणि नट मार्चेल्लो मास्त्रोयानी यांच्या विनोदी चित्रपटांपुरता उरला. त्यानंतर वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने हा केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १३ नोव्हेंबर १९७४ रोजी, पॅरिसजवळ फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला. कथा संथ आहे, पण गोष्ट समजायला फार संवाद लागत नाहीत.

वागळे इस्टेट, सेवानिवृत्त टर्नर

ताई, दोन व्यवहाराच्या गोष्टी. 'देल्ला रोव्हेरे' दोन तासांच्या वर आहे, तुरुंगात जाईपर्यंतचा भाग आणि नंतरचा भाग असे सरळ दोन तुकडे पडतात. जर्मन त्याला कामगिरी सांगतात तिथे मध्यंतर घ्या. आणि 'गोल्ड ऑफ नेपल्स'च्या काही प्रतींत सगळ्या गोष्टी नसतात, काही ठिकाणी गाळलेल्या आहेत. तुमच्याकडच्या प्रतीत पत्ते खेळणाऱ्या काउंटची गोष्ट आहे की नाही ते शनिवारीच लावून बघा. ती नसेल तर दुसरी प्रत शोधा, आजोबांना तीच दाखवायची आहे.